वेडाचा नंबर

त्या डॉक्टरांचे हात फार स्वच्छ असत, आणि मला त्या हातांचीच किळस येऊ लागली होती. पेशंट तपासून झाला की ते चंदनाच्या साबणानं कोपरापर्यंत हात धूत, एकेक नख पुसत, आणि ओले हात तसेच हवेत धरून मला सांगत, "बाई, लिहा." मी लिहायची. ही हकीकत परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण जिनिंगच्या मालकाचं घर अजून तिथंच आहे आणि त्यांच्या नातवंडांशी माझं काही भांडण नाही.

माझे वडील निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकवायचे. पोलीस ॲक्शननंतर त्यांना पन्नाशीला टेकल्यावर मराठी शुद्धलेखनाची पुस्तकं घेऊन बसावं लागलं. मी त्यांच्याकडून उर्दू शिकले होते, मॅट्रिक झाले होते, इंग्रजी बरं होतं. तोंडावर देवीचे वण, त्यामुळं लग्न रखडलेलं. दवाखान्यात बायकांच्या बाजूला लिहायला कुणीतरी बाई हवी होती, आणि कपाटात उर्दूत लिहिलेल्या जुन्या रजिस्टरांचा ढीग पडला होता, तो वाचणारं माणूस हवं होतं. मला घेतलं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दवाखान्यात एक छापील यादी आली. जगातले सगळे आजार तिच्यात होते म्हणे. प्रत्येक आजाराला नंबर. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगायचं, मी यादीत शोधून नंबर टाकायचा, आणि महिना संपला की नंबरांचा तक्ता वर पाठवायचा. जुन्या उर्दू रजिस्टरांत असलं काही नव्हतं. तिथं आधीच्या डॉक्टरांनी दिसेल ते लिहिलेलं होतं. 'तीन दिवसांपासून रडते.' 'जेवण बंद, सासूनं मारलंय.' ते वाचताना बाई डोळ्यासमोर उभी राहायची. तरी खरं सांगायचं तर मला नंबरांचं काम आवडलं. कुठल्या आजाराचा कुठला नंबर हे महिनाभरात मला तोंडपाठ झालं आणि त्याचा मला गर्व होता.

दिवाळी झाली, कापूस यायला लागला आणि स्टेशनाकडची जीन, म्हणजे जिनिंगची गिरणी, सुरू झाली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका हंगामभर तिथं कामाला यायच्या. यंत्रात कापूस लोटायचा, सरकी उपसायची, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत. दरवर्षी या बायका खोकल्यानं दवाखान्यात येत. त्या वर्षी वेगळंच दुखणं घेऊन आल्या. छाती धडधडते, भूक नाही, झोप नाही, दात एकमेकांवर घासतायत. एक बाई बाकावर बसल्या बसल्या तासभर बोलत होती. कुणाशी ते तिचं तिलाच माहीत. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड मारून पाहिलं, हात धुतले.

"बाई, लिहा. हिस्टेरिया."

मी मनाच्या विकारांतला नंबर टाकला. आठवड्यात तशा चार बायका झाल्या. मला वाटलं, यंत्राच्या आवाजानं डोकं फिरत असेल. पुढं काही विचारावं असं माझ्या मनात आलं नाही.

मग एके दिवशी भर दुपारी बैलगाडीतून एक बाई आणली. हात लुगड्याच्या फाटक्या पट्टीनं बांधलेले. वय माझ्याएवढंच, बावीस-तेवीस. वालूरच्या बाजूच्या एका खेड्यातलं मेंढरं राखणारं घर होतं तिचं. नवरा कळप घेऊन दूर गेलेला, म्हणून ती आणि तिची थोरली जाऊ दोघी जिनीत कामाला आल्या होत्या. दोन वर्षांची मुलगी घरी सासूजवळ ठेवली होती. हे सगळं जावेनं सांगितलं. ही बाई सांगण्याच्या स्थितीत नव्हती.

आयानं हात सोडल्याबरोबर ती स्वतःचे दंड नखांनी ओरबाडायला लागली. आधीच मनगटापासून खांद्यापर्यंत सालटं निघाली होती, रक्तावर कापसाचे तंतू चिकटून वाळले होते.

"आळ्या हायत्या," ती मला म्हणाली. अगदी समजुतीच्या स्वरात, एखाद्या नव्या बाईला काम दाखवावं तसं. "कापसातल्या आळ्या आत शिरल्यात. हे बगा, ही चालायलीय. ही दुसरी. मी काढायलेय पर लय हायत्या."

मी पाहिलं. दंडावर काही नव्हतं, फक्त तिनं खरवडून केलेली जखम. पण तिचं बोट जिथं फिरत होतं तिथं माझ्याही कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं झालं. मी बाहेर जाऊन ओकले. त्या बाईच्या समोर नाही, एवढंच काय ते समाधान.

जाऊ माझ्यामागं बाहेर आली. उभी राहिली, इकडंतिकडं पाहिलं आणि पदराची गाठ सोडली. आत दोन पांढऱ्या गोळ्या.

"ह्या खाल्ल्यात तिनं," ती म्हणाली. "मुकादम देतो. सकाळी च्याबरूबर एक, दुपारी एक. ताकदीची गोळी म्हनतो. ही दोन-दोन, तीन-तीन खायली. चार दिस झाले, झोपली न्हाई. सांगू नका मी दिलं म्हून."

"तुम्हीपण खाता?"

"समदेच खात्यात. न खाल्ली तर मुकादम दुसरी बाई आनतो."

मी गोळ्या हातरुमालात घेऊन डॉक्टरांकडं गेले. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्यांनी एक गोळी चिमटीत धरून खिडकीकडं नेली, पालथी करून पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनी ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं.

"लष्करातल्या गोळ्या आहेत या," ते म्हणाले. "लढाईत सैनिकांना जागं ठेवायला देत असत. उरलेला माल बाजारात आला. आम्हीसुद्धा कॉलेजात परीक्षेच्या वेळी घ्यायचो. एक घेतली तर माणूस दिवसभर तरतरीत राहतो. जास्त झाल्या की असं होतं, अळ्या वगैरे दिसतात."

"मग ही वेडी नाही?"

"छे. झोपवून ठेवू. दोन दिवस झोपेल आणि चांगली उठेल."

तसंच झालं. त्यांनी तिला झोपेचं औषध दिलं. त्याचा वास इतका घाणेरडा की पूर्ण वॉर्डात तिच्या श्वासाची दुर्गंधी पसरली. फिनेल टाकूनही जाईना. ती दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी उठून बसली, पाणी मागितलं, स्वतःच्या दंडांकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कुनी केलं?" मुलीची आठवण काढून रडली. भाकरी खाल्ली. जितकी मी शहाणी तितकीच ती.

दुपारी डॉक्टर केसपेपर हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, लिहा. वेड."

मी टाक तसाच धरून राहिले. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणालात ना वेड नाही म्हणून? यादीत विषबाधेची ओळ आहे."

"विषबाधा लिहिली की त्याच दिवशी पोलिसांना कळवावं लागतं," ते म्हणाले. रागावले नाहीत. मला समजावून सांगत होते, आणि त्यांचा समजावण्याचा आवाज फार गोड होता. "पोलीस आले की पंचनामा. पंचनामा झाला की जीन बंद. ऐन हंगामात इतक्या बायकांच्या घरची चूल बंद. त्यांचे शिव्याशाप कोण घेणार? तुम्ही? आणि बाई, या वॉर्डातल्या खाटा कुणी दिल्यात ते माहीत आहे ना?"

माहीत होतं. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी जिनिंगमालकाच्या वडिलांचं नाव रंगवलेलं होतं. मालक स्वतः दवाखान्याच्या समितीवर होते.

मी लिहिलं. रजिस्टरात वेडाचा नंबर आणि घरी जाताना द्यायच्या चिठ्ठीवर तोच नंबर, शेजारी मराठीत शब्द, कारण चिठ्ठी लोकांना कळेल अशी द्यावी असा नवा हुकूम होता. माझं अक्षर चांगलं आहे. तो शब्द मी सुबक काढला.

संध्याकाळी जिनीतून पेढ्यांचा पुडा आला, सगळ्या स्टाफला. मुकादम स्वतः घेऊन आला होता. तोंडात पान, ओठांच्या कडेला लाल ओघळ. पुडा माझ्यासमोर धरून म्हणाला, "घ्या बाईसाब, तोंड गोड करा." मी एक पेढा उचलला आणि खाल्ला. न खाता ठेवता आला असता. त्या पेढ्याची चव मला पुढं कितीतरी दिवस जिभेवर जाणवायची, तूप खवट असल्यासारखी. पेढा चांगलाच होता.

होळीनंतर जीन बंद झाली. चैत्रात, उन्हं तापलेली असताना, ती बाई एकटीच दवाखान्यात आली. मी तिला ओळखलं ते तिच्या दंडांवरून. जखमा भरून तिथं पांढुरके चट्टे राहिले होते. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. घड्यांवर कागद झिजला होता. बऱ्याच जणांनी वाचलेला असणार.

"बाई, हे काय लिवलंय तुमी?"

मी घडी उलगडली, अक्षर माझंच होतं.

"गावात मास्तरानं वाचलं. वेड, म्हनला. दिरानं समद्यास्नी दाखिवलं. म्हनला, येड्या बाईच्या हाती लेकरू देऊ नये. घरधनी कळप घिऊन आला तर त्येला बी तेच सांगितलं. मला म्हायेरी धाडलं. पोरगी ठिवून घेतली. दोन म्हैने झाले, पोरगी बघितली न्हाई मी." मग सरळ माझ्याकडं पाहून विचारलं, "मी येडी हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

तिला मी काय सांगणार होते? पोलीस, पंचनामा, खाटा? मी म्हटलं, "ते खोटं आहे. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी लिहिलं. गोळ्यांचं विष झालं होतं तुम्हाला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

तिनं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर थुंकली. माझ्या अंगावर नाही. पण ती थुंकी कुणासाठी होती हे आम्हा दोघींना कळत होतं.

मी डॉक्टरांकडं गेले. दुसरी चिठ्ठी द्या म्हटलं. ते म्हणाले, "त्या महिन्याचा तक्ता वर गेला. आता बदल केला तर उत्तर द्यावं लागेल. तिला सांगा, घरी नीट वागली की लोक आपोआप विसरतात." आणि उठून हात धुवायला गेले. त्यांनी कुणालाच तपासलं नव्हतं.

नळाचं पाणी वाहत होतं तेवढ्या वेळात मी रजिस्टर काढलं, त्या दिवसाचं पान उघडलं, वेडाचा नंबर लाल शाईनं खोडला, विषबाधेचा घातला आणि शेजारी माझी सही केली. कोऱ्या कागदावर तीच नोंद मराठीत उतरवली. शिक्का डॉक्टरांच्या खणात असे, तो मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीची रजा लिहून ठेवली आणि सकाळी तिच्याबरोबर एसटीत बसले. वडिलांना सांगितलं, मैत्रिणीकडं जाते. त्यांनी विश्वास ठेवला नाही हे मला दिसलं, पण अडवलं नाही.

एसटीनं उतरवल्यावर दोन कोस चालायचं होतं. वाटभर ती माझ्या दहा पावलं पुढंच चालत राहिली. तिच्या सासरच्या गावाबाहेर मेंढरांचा वाडा होता, त्याच्याजवळ लिंबाखाली माणसं जमली. दीर होता, नवरा होता, चार म्हातारे पंच होते, आणि मागं बायका. नवरा पोरगेला होता, खाली पाहून काठीनं माती उकरत बसला. मी कागद वाचून दाखवला. गोळ्या, मुकादम, झोप न होणं, सगळं सांगितलं.

दीर ऐकून घेऊन म्हणाला, "तुमी डाक्टर हाव का?"

"नाही. मी लिहिणारी आहे."

"मंग पैला कागद बी तुमीच लिवला, अन् ह्यो बी तुमीच. कोनता खरा धरावा?"

पंचांतला एक जण हसला. दुसरा म्हणाला, "ह्येच्यावर शिक्का न्हाई. त्येच्यावर हाय." त्या माणसांचा मला राग यायला हवा होता, पण दीर बोलला ते बरोबरच होतं. माझ्या हस्ताक्षरावर कुणी का विश्वास ठेवावा? उन्हात उभी राहून मला माझीच शिसारी आली.

तेवढ्यात मागून थोरली जाऊ पुढं आली. दिराचीच बायको ती. दिरानं "मागं हो" म्हटलं तरी थांबली नाही.

"म्या बी खाल्ल्या त्या गोळ्या," ती म्हणाली. "हंगामभर खाल्ल्या. मला बी भिताडावर मान्सं दिसायली व्हती. मला येडी म्हना. माझी लेकरं बी काढून घ्या."

दीर उठून उभा राहिला. "तोंड बंद कर."

"कशापायी करू? हिला धा दिस लय काम पडलं म्हून हिनं जादा खाल्ल्या. मी कमी खाल्ल्या. येवढाच फरक हाय."

मग मागच्या बायकांतून आणखी एक आवाज आला, "म्या बी खाल्ल्या." आणि एक म्हातारी म्हणाली, "माझी सून बी खायली. रातभर भांडी घासायली व्हती, घासलेलीच पुन्ना." एकेक करत सहा-सात झाल्या. त्यांतल्या एकीचा सासरा पंच म्हणून समोरच बसला होता. तो खाली पाहू लागला.

सगळ्यांत थोरला पंच शेवटी म्हणाला, "आता इतक्या बायांस्नी येडं म्हनावं तर भाकरी कोन करील?" तो गमतीत बोलला नाही, त्याला खरोखरच तो प्रश्न पडला होता. मला त्या वाक्याचीही घाण वाटली. पण त्याच वाक्यानं निकाल लागला. पोरगी आणली. दोन महिन्यांत ती आईला विसरली होती, कडेवर जायला तयार नव्हती, आजीकडं हात करून रडत होती. आई तिला घेऊन तशीच उभी राहिली, पोरगी रडून दमेपर्यंत.

तिच्या नवऱ्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "चल घरी."

"येते," ती म्हणाली. "पर तुझ्या भावाच्या चुलीवर न्हाई. येगळी चूल मांड, मंग येते. तवर म्हायेरी ऱ्हाते, पोरगी घिऊन."

त्यानं वेगळी चूल मांडली, असं मला नंतर कळलं. पावसाळ्याआधी ती परत नांदायला गेली. मला निरोप वगैरे काही पाठवला नाही तिनं, आणि तिनं पाठवावा असं मी काही केलंही नव्हतं.

दवाखान्यात परतल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. लाल शाई पाहिली. मला वाटलं आता नोकरी गेली. त्यांनी खणातून ब्लेड काढलं, ते पान शिवणीपासून असं कापलं की कापल्याचं दिसू नये. फार सफाईदार हात होता. मग कोरं पान माझ्यापुढं सरकवलं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "पुन्हा उतरवून काढा. जसं आधी होतं तसं."

मी नाही म्हटलं. तेवढं म्हणता आलं. त्यांनी ते काम दुसऱ्या कारकुनाकडून करवून घेतलं आणि माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले, त्याच गोड आवाजात. मला काढून टाकलं असतं तर मी कुणापुढं तरी मान वर करून सांगू शकले असते. त्यांनी मला ठेवून घेतलं.

पुढच्या दिवाळीनंतर जीन पुन्हा सुरू झाली. बायका पुन्हा आल्या. छाती धडधडतेय, झोप नाही, दात घासतायत. डॉक्टर शहाणे झाले होते. आता ते वेड लिहायला सांगत नसत, हिस्टेरियाही नाही.

"बाई, लिहा. अशक्तपणा."

यादीत त्याचीही ओळ होती. त्या नंबरानं कुणाची मुलगी जात नव्हती, कुणाला पोलिसांत जावं लागत नव्हतं, मुकादमाला काही होत नव्हतं. एका बाईला मी हळूच सांगितलं, गोळ्या घेऊ नका. ती म्हणाली, "मंग काम कोन देनार, तुमी?" मी तिचं नाव, गाव, वय लिहिलं आणि नंबर टाकला. हंगाम संपेपर्यंत टाकत राहिले. मग माझी बदली परभणीला झाली, देवी टोचण्याच्या खात्यात, आणि तिथं नुसत्या टोचलेल्यांच्या याद्या करायच्या होत्या, त्यात काही ठरवायचं नव्हतं. मी आनंदानं गेले.